मदत हवी आहे: मामाजींचा संत्र्याचा रस बंद करू का? लवकर सांगा

सून_त्रिमूर्तीनगर: आमचे मामाजी रोज सकाळी दोन ग्लास संत्र्याचा रस घेतात. घरीच काढते, साखर नाही, पाणी नाही, शुद्ध रस. तरी रिपोर्ट बिघडला. आमच्या ह्यांचं म्हणणं, फळच तर आहे, पिऊ दे. मी म्हणते बंद. रोज वाद होऊन राहिला. परवा दवाखान्यात जायचंय. हो की नाही, एवढंच सांगा.

बर्डीवाला: कोणता रिपोर्ट ताई? वय? गोळ्या?

कडूगोड: संत्रं सोडा, अनशापोटी कारल्याचा रस द्या. माझ्या काकांना फार फरक पडला.

सून_त्रिमूर्तीनगर: शुगरचाच हो, अजून कोणता! तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) 7.1 टक्के होती, आता 8.4. वय 71.

आहारतज्ज्ञ_नागपूर: डायबेटिस आहे हे आधी सांगायला हवं होतं. 200 मिली रसात साधारण 16 ते 18 ग्रॅम साखर असते, म्हणजे चार चमचे. वरून घातली नाही तरी ती आहेच. चोथा गाळणीत राहतो, म्हणून ती रक्तात लवकर उतरते. जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर मोकळ्या साखरेत, म्हणजे कमी खा म्हणून सांगितलेल्या साखरेत, धरते, अख्ख्या फळातली धरत नाही. ग्लास केवढा आहे?

काटोलचा_बागायतदार: संत्र्याला काऊन बदनाम करून राहिले? आंबिया बहाराचा माल आत्ता निघून राहिला, भाव आधीच पडला आहे. आमचे आजोबा रोज झाडाखाली बसून पाच-पाच संत्री खायचे.

आहारतज्ज्ञ_नागपूर: खायचेच ना दादा, पीत नव्हते. मी फळाविरुद्ध बोलतच नाही. एका ग्लासाला तीन-चार संत्री लागतात. तेवढी सोलून, चावून खायला वेळ लागतो, पोटही भरतं. रस दोन मिनिटांत संपतो.

मिक्सर_मास्टर: जूसर कोणता आहे? कोल्ड प्रेस घ्या, त्यात जीवनसत्त्वं टिकतात.

बर्डीवाला: जीवनसत्त्वं कोण विचारतंय इथे? साखर तेवढीच राहते.

दोन_लेकरांची_आई: मी मुलांना डब्यात खोक्यातला 'शंभर टक्के' रस देते. तो चालतो का?

बर्डीवाला: त्यापेक्षा संत्रंच द्या. जून 2024 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, कंपन्यांना हा दावा लेबलवरून काढायलाच सांगितलं. आटवलेल्या रसात पाणी घालून तो पुन्हा तयार केलेला असतो. सून ताई, गोळ्या राहिल्याच. आणि रस सुरू कोणी केला?

सून_त्रिमूर्तीनगर: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. उन्हाळ्यात फुटाळा तलावावर फिरताना त्यांना घाम फुटून चक्कर आली होती. सोबतच्यांनी रस पाजला, बरं वाटलं. तेव्हापासून रोज.

आहारतज्ज्ञ_नागपूर: ही गोष्ट पहिल्याच पोस्टमध्ये हवी होती! ती शुगर उतरल्याची चक्कर असू शकते. ग्लिमेपिराइडने शुगर खाली जाऊ शकते. ग्लुकोमीटरवर 70 च्या खाली गेली तर अर्धा कप रस हे औषधच आहे, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. पण तो रोजचा खुराक नाही.

कडूगोड: मग आजच बंद करा की!

आहारतज्ज्ञ_नागपूर: नका करू. रस एकदम थांबला आणि गोळी तेवढीच राहिली, तर पुन्हा तशीच चक्कर येऊ शकते. कारल्याचा रसही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, तोही शुगर उतरवू शकतो. गोळी आणि रस दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवा. तोवर उपाशी फिरायला पाठवू नका.

काटोलचा_बागायतदार: ताई, फोडी करून द्या. वरच्या पांढऱ्या शिरा काढू नका, चोथ्याचा भाग त्यातही असतो.

सून_त्रिमूर्तीनगर: आत्ता मोजपात्र लावून पाहिलं. त्यांचा स्टीलचा ग्लास 320 मिलीचा निघाला. दोन म्हणजे 640! चक्करचं डॉक्टरांना कोणी सांगितलंच नव्हतं, ह्यांनाही वाटलं उन्हामुळे आली. आता हे म्हणतात, मीच सोबत येतो. गोळीची, रसाची आणि फिरायची वेळ वहीत लिहून ठेवली आहे. उद्या सकाळी फिरायच्या आधी ग्लुकोमीटरवर किती येते ते इथे टाकते.