पुन्हा: सप्टेंबरची सहल – तळ्यावर, की परत त्याच पार्कात?

प्रेषक: चिटणीस

इंग्लंडातल्या लेस्टरच्या आपल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना नमस्कार.

गणपतीनंतरच्या रविवारी सहल नक्की. जागा मात्र अजून अधांतरी आहे. तीन वर्षं आपण एकाच पार्कात जातोय. तोच बार्बेक्यू, तीच लिंबू-चमचा शर्यत आणि तोच पाऊस. लफबरोच्या इंदापूरकरांनी त्यांचा तळ्यावरचा शिडाच्या होड्यांचा क्लब सुचवलाय. रविवारी तिथे शर्यती असतात, पाहुण्यांना होडीत फिरवून आणतात, क्लबघर वापरायला मिळेल. हरकती बुधवारपर्यंत कळवा.

इंदापूरकर, तुम्ही सविस्तर लिहा. "मजा येईल" एवढ्यावर समिती हलत नाही.

प्रेषक: खजिनदार

हरकत आहे. एक नाही, तीन.

होड्यांचे क्लब म्हणजे निळे ब्लेझर आणि संध्याकाळची जिन. आपल्याला झेपणार का, आणि केवढ्याला पडणार? दुसरं, आपल्या चाळीस जणांत पोहता येणारे किती? मी तरी नाही. तिसरं, बघायचं काय? मागे एकदा काठावर उभा राहून अशी शर्यत पाहिली होती. वीस पांढरी त्रिकोणं, वीस दिशांना. पुढे कोण आणि मागे कोण, शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. त्यापेक्षा लिंबू-चमचा बरा, लिंबू पडलं की दिसतं तरी.

प्रेषक: इंदापूरकर, लफबरो

खजिनदारसाहेब, ब्लेझरचं आधी घेतो. चार वर्षांत मी क्लबात एकच ब्लेझर पाहिला, बक्षीस समारंभात, कमोडोरच्या अंगावर. खाली पायात ओले रबरी बूट होते. कमोडोर म्हणजे आपले अध्यक्ष. हुद्दा नौदलाचा, काम मात्र संडास तुंबला की प्लंबर बोलवायचं. माझी होडी एंटरप्राइज जातीची, लाकडी, माझ्याच वयाची. ट्रॉलीसकट ३५० पौंडांना मिळाली. तेवढेच पैसे वॉर्निशमध्ये गेले ते सोडा. सहलीचं भाडं नाही, डब्यात पाहिजे ते टाका म्हणतात.

हा क्लब चालतो तो पाळ्यांवर. पगारी माणूस एकही नाही. वर्षातून चार-पाच रविवार प्रत्येकाला शर्यत सोडून ड्यूटी करावी लागते. दोघं मोटरबोटीत, कोणी पाण्यात पडलं तर काढायला, एक जण शर्यत सोडायला आणि एक जण चहाच्या खिडकीत. दांडी मारायची तर बदली माणूस आपणच शोधायचा. (आपल्या मंडळात दिवाळीच्या खुर्च्या आवरायला तीनच माणसं उरतात, बाकीच्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.)

माझी शर्यत सोडायची पहिली पाळी सांगतो. काठावर लाकडी खोपटं, समोर झेंड्यांची काठी. पाच मिनिटं आधी वर्गाचा झेंडा वर. चार मिनिटं आधी 'पी' झेंडा वर, निळ्यात पांढरा चौकोन. एक मिनिट राहिलं की 'पी' खाली. शून्याला वर्गाचा झेंडा खाली आणि शर्यत सुटली. दर वेळी भोंगा. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात नोव्हेंबरचा वारा, एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात ओली दोरी आणि बोटं बधिर. झेंडा वेळेवर उतरवला आणि भोंग्याचं बटण दाबलं. आवाजच नाही, बॅटरी संपलेली. मी खिडकीतून अर्धा बाहेर येऊन "गो! गो!" असा ओरडलो, ते बहुतेक फक्त बदकांना ऐकू गेलं. होड्या मात्र निघून गेल्या होत्या. शर्यत संपल्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा माझ्याकडे आले. म्हटलं, आता शिव्या बसणार. ते म्हणाले, "झेंडा वेळेवर पडला ना? मग झालं. वेळ झेंड्याची धरतात, भोंगा नुसता लक्ष वेधायला." मग खिशातून सुती दोरीचा तुकडा काढून झेंड्याची गाठ कशी मारायची ते दाखवलं. दोनदा, न बोलता.

आता, पुढे कोण ते कळत नाही याबद्दल. खरंय, कळत नाही. आमच्याकडे सात-आठ जातींच्या होड्या एकदम सुटतात. प्रत्येक जातीला एक आकडा असतो, त्याला पोर्टस्मथ यार्डस्टिक म्हणतात. क्लबांचे निकाल गोळा करून रॉयल यॉटिंग असोसिएशन हे आकडे दरवर्षी तपासते. होडी जेवढी संथ, तेवढा आकडा मोठा. लेझरचा ११०० च्या आसपास, पोरंटोरं चालवतात त्या टॉपरचा १३६५ च्या आसपास. लागलेल्या सेकंदांना १००० ने गुणायचं आणि त्या आकड्याने भागायचं. समजा लेझर ४० मिनिटांत आली. २४०० सेकंद, हिशेबाअंती २१८२. टॉपर तिच्यामागून चांगली नऊ मिनिटांनी आली. २९४० सेकंद, हिशेबाअंती २१५४. टॉपर २८ सेकंदांनी जिंकली! गेल्या मे महिन्यात आमच्या तेरा वर्षांच्या लेकीने अशीच एकाची जिरवली. तो बिचारा कपडे बदलून, चहा घेऊन, आपणच जिंकलो म्हणून बिस्किटं वाटत होता, आणि तेवढ्यात भिंतीवर कागद लागला. बिस्किटं त्याने परत घेतली नाहीत, हे नमूद करतो.

पण काठावरच्या माणसांसाठी दुसरा प्रकार आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तशी शर्यत घेतो. तिला पर्स्यूट म्हणतात. हिशेब आधीच करून टाकायचा. सगळ्यांत संथ होडी सगळ्यांत आधी सोडायची, मग आकड्याप्रमाणे एकेक जात. सगळ्यांत वेगवान होडी शेवटी निघते आणि पाठलाग करत येते. ठरलेली वेळ संपली, भोंगा वाजला, त्या क्षणी जो पुढे तो जिंकला. गुणाकार नाही, भागाकार नाही. सहलीच्या दिवशी दुपारची शर्यत अशी ठेवा, असं मी क्लबात बोललोय. नाही म्हणाले नाहीत.

पोहण्याचं. अंगात बॉयन्सी एड घातल्याशिवाय धक्क्यावरून पुढे जाऊ देत नाहीत, पोहणाऱ्यालाही नाही. ती तरंगवते. पण बेशुद्ध माणसाचं तोंड वर फिरवण्याची हमी ती देत नाही, ते काम लाइफ जॅकेटचं. म्हणून ज्यांना पोहता येत नाही त्यांनी तसं आधी सांगावं, लाजू नये. त्यांना वेफेअरर जातीच्या मोठ्या होडीत, शिकवणाऱ्याबरोबर बसवतात. जवळपास पावणेपाच मीटर लांब, रुंद, म्हशीसारखी शांत. अशाच एका उघड्या वेफेअररमधून फ्रँक डाय नावाचे गृहस्थ एका सोबत्याला घेऊन १९६३ साली स्कॉटलंडहून आइसलंडला गेले होते. आपल्याला फक्त समोरच्या काठापर्यंत जायचंय.

आणि हो, मी उलटलोय. पहिल्याच शर्यतीत. वारा पाठीमागून होता, वळताना शिडाचा दांडा डोक्यावरून सुसाट पलीकडे गेला आणि मी अलीकडेच राहिलो. होडी आधी आडवी झाली, मग पार पालथी. काठाजवळ पाणी उथळ, त्यामुळे डोलकाठीचं टोक तळाच्या गाळात रुतलं. पालथ्या होडीवर चढून तिच्या तळातून बाहेर आलेल्या मधल्या फळीवर भार द्यायचा, शिडात पाणी असतं म्हणून ती हळूहळू उठते. माझी उठली तेव्हा डोलकाठीच्या शेंड्याला हातभर काळा चिखल. आमच्याकडे रिवाज असा की शेंड्याला चिखल दिसला, त्या दिवशी सगळ्यांचा चहा त्याच्याकडे. एकवीस कप.

तो चिखल धुताना मनात एक वेगळंच आलं. हे तळं म्हणजे धरणाचं पाणी. शेजारच्या रटलंडच्या पाण्याखाली तर सत्तरच्या दशकात नेदर हॅम्बल्टनची वस्ती गेली. नॉर्मंटनचं चर्च तेवढं राहिलं. त्याचा खालचा भाग दगड-काँक्रीटने भरून घेतला, आता ते पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं दिसतं आणि तिथे लग्नं लागतात. आमच्या इंदापूर तालुक्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं. आजी ते बघायला जायची, आणि परत आली की दिवसभर कुणाशी बोलायची नाही. असो. विषय सहलीचा आहे.

प्रेषक: मालवणी काकू, ओडबी

अरे इंदापूरकरा, मेल छान लिहिलीस, पण "शिडाचा दांडा" काय म्हणतोस! आमच्याकडे आडव्या काठीला परबाण म्हणतात. आता तुझा दांडा खाली असतो आणि आमचं परबाण वर, तिरकं, हे मला फोटोवरून कळलं. म्हणजे वस्तूच वेगळी. तेव्हा दांडा चालू दे.

माझ्या वडलांची होडी होती, इंजिनं यायच्या आधीची गोष्ट. वारा तोंडावर घेऊन ते कधी वळत नसत. परबाण डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचं म्हणजे चार माणसांचं काम, आणि वारा जोराचा असेल तर जिवाशी खेळ. म्हणून वाऱ्याला पाठ देऊन, लांबचा फेरा घेऊन वळायचं. तुम्ही वाऱ्याच्या तोंडातून वळता आणि वाऱ्याला पाठ देताना उलटता. सगळंच उफराटं.

एक विचारू? आमच्याकडे पहाटे मतलई, म्हणजे जमिनीवरून सुटणाऱ्या वाऱ्यावर बाहेर पडायचं आणि दुपारी समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं, घड्याळ लागत नसे. चारी बाजूंनी झाडी असलेल्या तळ्यात वाऱ्याचा भरवसा काय धरता?

मी येणार. पोहता येत नाही. त्या म्हशीत माझी जागा धरा. नऊवारी नेसत नाही, काळजी नको.

प्रेषक: खजिनदार

एक हरकत मागे घेतो (पैशांची). दुसरी अर्धी (पोहण्याची).

एंटरप्राइजवरून आठवलं, म्हणून विषयांतर. १९८२ चं एशियाड दिल्लीला झालं, पण शिडाच्या होड्यांच्या शर्यती आपल्या मुंबईत होत्या. एंटरप्राइज वर्गात सुवर्ण मिळवलं ते पाकिस्तानच्या बैराम आणि गोश्पी आवारी या पारशी नवरा-बायकोने, एकाच होडीत बसून. माझा प्रश्न होडीचा नाही, संसाराचा आहे. आम्ही दोघं एका गाडीत सॅटनॅव्ह लावून बसलो तरी लेस्टरच्या रिंग रोडवर अबोला सुरू होतो. इंदापूरकर, तुमच्या होडीत दुसरं कोण बसतं?

प्रेषक: इंदापूरकर, लफबरो

लेक बसते. बायको एकदा बसली. मी "आता दोरी सोड" म्हणालो, तिने विचारलं "कोणती?", आणि मी "ती!" म्हणालो. होडीत सहा दोऱ्या आहेत. तेव्हापासून ती चहाच्या खिडकीत असते आणि क्लबात माझ्यापेक्षा जास्त माणसं तिला ओळखतात.

काकू, भरवसा नाहीच. दहा मिनिटं एकीकडून येतो, मग झाडांच्या फटीतून भलतीकडून. पण दिसतो. पाण्यावर गडद डाग सरकत येतो, मांजराच्या पाठीवर हात फिरवल्यासारखा. तो आपल्यापर्यंत पोचायच्या आत बूड बाहेर टाकून वाकायचं. वाऱ्याच्या तोंडावर सरळ चाल नाहीच, साधारण पंचेचाळीस अंश सोडून नागमोडी जावं लागतं. त्यात वारा तोंडावर फिरला की हट्ट धरायचा नाही, लगेच वळायचं, कारण तोच वारा दुसऱ्या बाजूला फायद्याचा असतो. आमचे ते आजोबा हात चालवून जिंकत नाहीत. मान फिरवून पाण्याकडे बघत बसतात, आणि बरोबर वेळेला वळतात.

एकच अडचण आहे. उन्हाळ्यात पाण्यावर निळं-हिरवं शेवाळ धरतं, ते विषारी असू शकतं. तसा फलक लागला तर होड्या बंद. कुत्रीसुद्धा पाण्यात सोडायची नाहीत. गेल्या वर्षी ऑगस्टचे तीन रविवार गेले. सप्टेंबरअखेर बहुतेक निवळतं, पण शब्द देत नाही. आदल्या शुक्रवारी कळवतो.

प्रेषक: चिटणीस

बुधवार संपला. हरकती दीड, त्याही एकाच माणसाच्या. सहल तळ्यावर. शेवाळाचा फलक लागला तर पार्क आहेच.

भिजणाऱ्यांनी कपड्यांचा दुसरा जोड, टॉवेल आणि चिखलात जातील असे जुने बूट आणावेत. चपला नकोत, एक तरी तळ्यात जाते. क्लबच्या स्वयंपाकघरात तळण चालत नाही, तेव्हा बटाटेवडे घरून तळून आणायचे, तिथे फक्त गरम होतील. क्लबच्या मंडळींसाठी तीस जास्त धरा. पोहता न येणाऱ्यांनी मला वेगळी मेल करावी, यादी लिस्टवर टाकणार नाही.

शर्यतीच्या खोपटात झेंड्यापाशी एक पाहुणा बसवतो म्हणालेत. नाव कुणाचं देऊ?

प्रेषक: मालवणी काकू, ओडबी

खजिनदारांचं द्या. पुढे कोण आहे ते तिथून दिसेल.

आणि भोंग्याची बॅटरी मी आणते.