बांडगूळ: काढा आणि कोयता

झाडावर वाढणाऱ्या बांडगुळाबद्दल 'दिसलं की छाटा' आणि 'त्याचा काढा प्या, कॅन्सरवर चालतो' असे दोन्ही सल्ले ऐकायला मिळतात. काढ्याचं आधी. युरोपात देतात ते व्हिस्कम आल्बम या तिकडच्या बांडगुळाच्या अर्काचं इंजेक्शन, तेही मुख्य उपचारांच्या जोडीला. त्याने आयुष्य वाढतं याला भक्कम पुरावा नाही. घरी पाला उकळून पिणं म्हणजे नसती आफत. व्हिस्कमच्या पाल्यात व्हिस्कोटॉक्सिन, लेक्टिन अशी विषारी प्रथिनं असतात.

फळबागेत छाटाच, पण फांदीसकट. नुसतं ओरबाडलं तर आत रुतलेल्या शोषकमुळांतून पुन्हा फुटतं. रानात मात्र हात आखडता घ्या. ऑस्ट्रेलियात परिसंस्थांचे अभ्यासक डेव्हिड वॉटसन यांनी काही वनखंडांतली बांडगुळं काढून पाहिली. ३ वर्षांत तिथल्या रानपक्ष्यांच्या पाव हिश्शाहून जास्त जाती गायब! त्यात जमिनीवर किडे टिपणारे पक्षीही होते, कारण बांडगुळाच्या कसदार पानगळीवर पाचोळ्यातले किडे पोसतात.

आणि बी पसरतं कसं, तेही बघण्यासारखं आहे. फुलटोच्याच्या विष्ठेतून बी चिकट तारेसकट बाहेर येतं, चटकन सुटत नाही. पक्षी बूड फांदीवर घासतो, की झाली पेरणी.