मदत हवी आहे: मेंटेनन्स बिलाच्या कोडमधलं इफ-एल्सचं जंजाळ कसं सोडवू?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचं बिल पायथनमधल्या एका फंक्शनमधून निघतं. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सेवाशुल्काच्या १० टक्के नॉन-ऑक्युपन्सी चार्ज. जवळचे नातेवाईक राहत असतील तर तो नाही. थकबाकी असेल तर वर व्याज. हे सगळं एकात एक घुसलंय. त्यात ही ओळ:

इफ नॉट (स्वतः_राहतो ऑर नातेवाईक_राहतात) अँड नॉट रिकामा

दर वेळी थांबून उलगडावी लागते. तिला 'भाड्याने_दिलाय' असं नाव देऊन व्हेरिएबल केलं, तेवढा भाग छान सुटला.

अट जुळली की सुरुवातीलाच रिटर्न करून (म्हणजे फंक्शन तिथेच संपवून) पाहिलं, पण चार्ज आणि व्याज दोन्ही लागू असतील तर व्याज राहून जातं. डिक्शनरीही केली (प्रत्येक अटीची एक की आणि तिच्यासमोर रक्कम), पण अटी एकत्र आल्या की कीज वाढतच जातात. सर्व्हरवर पायथन ३.८ आहे, त्यामुळे ३.१० मधलं मॅच-केस (अनेक पर्यायांतून जुळणारा निवडायची रचना) चालणार नाही. बाहेरची लायब्ररी नको.

खजिनदार काका प्रोग्रामर नाहीत, पण नियम त्यांना स्वतः वाचून तपासता यायला हवेत, हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. मग प्रत्येक आकारणीचं वेगळं फंक्शन करून शेवटी बेरीज करू, की अट आणि रक्कम अशा जोड्यांची यादी ठेवू? आणि व्याजाची अट यात नेमकी कुठे बसवू?