एलव्हीडीटी ±१० मिमीचा, स्ट्रोक ±१३ मिमीचा: ॲनालॉग सर्किटने रेंज वाढेल का?

शिरोली_मेंटेनन्स
नमस्कार मंडळी. हायड्रॉलिक प्रेसवर ±१० मिमीचा एलव्हीडीटी (आतला कोअर रॉड सरकेल तसं व्होल्टेज देऊन जागा मोजणारा सेन्सर) आहे, नवीन जॉबला ±१३ लागतोय. स्लिप गेज (नेमक्या जाडीचे ठोकळे) लावून रीडिंग घेतली: १० मिमीला ६.०० व्होल्ट, ११ ला ६.५७, १२ ला ७.०७, १३ ला ७.४५. दहापर्यंत मिमीला ०.६० व्होल्ट, एकदम सरळ. पुढे वाकतंय. पीएलसीचा (प्रेस चालवणाऱ्या कंट्रोलरचा) प्रोग्राम लॉक आहे, त्यामुळे जे काही करायचं ते सेन्सर आणि पीएलसीच्या मध्येच. काय करता येईल?

टूलरूमवाला
±१५ चा घ्या आणि मोकळे व्हा.

शिरोली_मेंटेनन्स
त्याची बॉडी लांब आहे दादा, ब्रॅकेटमध्ये बसत नाही.

ओपॲम्प_प्रेमी
दोन एडी६३३ मल्टिप्लायर (दोन व्होल्टेजचा गुणाकार करणाऱ्या आयसी) लावून सिग्नलचा घन काढा, थोडासा मूळ सिग्नलमध्ये मिळवा. टोकाला कमी पडतंय तेवढं भरून निघेल.

भोसरी_कॅलिब्रेशन
घनाची युक्ती चांगली आहे, पण या सेन्सरला नको. हिशोब करून बघा. १३ ला ०.३५ व्होल्ट कमी पडतात. एडी६३३ दर गुणाकाराला १० ने भागतो, म्हणजे ७.४५ चा घन ४.१३ व्होल्ट येतो. त्यातला साधारण ८.५ टक्के मिळवला की १३ जुळतं. पण तेवढाच वाटा १० मिमीला ०.१८ व्होल्ट घुसवतो, म्हणजे ०.३ मिमीची चूक, तीही जिथे सेन्सर बिनचूक होता तिथे! तुमचा कर्व्ह दहापर्यंत सरळ आणि मग झपकन वाकतो. चांगल्या भागाला हात लावायचा नाही, हे मी फार आग्रहाने सांगतोय.

ब्रेकपॉइंट वापरा, म्हणजे ठराविक व्होल्टेजच्या वर गेल्यावरच भर घालणारं सर्किट. ६.४ व्होल्टच्या वर जितकं जाईल त्याचा ०.२ पट मिळवा, ७.०५ च्या वर आणखी ०.३५ पट. ११ ला ६.६०, १२ ला ७.२१, १३ ला ७.८० येतं. हवं होतं ६.६, ७.२, ७.८.

नुसता डायोड आणि रेझिस्टर लावू नका. डायोडचा ड्रॉप अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट सरकतो, प्रेसजवळ २० अंशांचा फरक म्हणजे ४० मिलिव्होल्ट. डायोड ऑपॲम्पच्या (ॲम्प्लिफायर आयसीच्या) फीडबॅकमध्ये घ्या, म्हणजे प्रिसिजन रेक्टिफायर, त्यात हा ड्रॉप जवळजवळ नाहीसा होतो, आणि ६.४ आणि ७.०५ चांगल्या, स्थिर रेफरन्स व्होल्टेजवरून काढा. मायनस बाजूला डायोड उलटे, पण ट्रिमर वेगळे ठेवा. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या आहेत असं धरून चालू नका, तिकडचीही रीडिंग घ्या.

आणि त्याआधी एक: सेन्सरमधून वायरी किती येतात?

शिरोली_मेंटेनन्स
पाच, सर. आतापर्यंत सेन्सरच्या सिग्नल कार्डला मधली जोडलेलीच नाही.

भोसरी_कॅलिब्रेशन
मग मधल्या वायरीपासून दोन्ही सेकंडरींचे (सेन्सरमधल्या आउटपुट कॉइलचे) एसी व्होल्टेज वेगवेगळे मोजा, ० पासून १३ पर्यंत. कोअर टोकाला गेल्यावर त्यांची बेरीज घटते का बघा. घटत असेल तर त्यांच्या वजाबाकीला बेरजेने भागणारं सर्किट लावा. एडी५९८ ही आयसी हेच करते. वरची वजाबाकी सरळ रेषेपेक्षा कमी पडते आणि खालची बेरीजही घटते, म्हणून वाकण्याचा काही भाग आपोआप निघून जातो. एक्सायटेशन (सेन्सरला दिलेलं एसी) हललं तरी भागाकारात कटतं. उरलेल्या वाकण्याला ब्रेकपॉइंट, आणि त्यांचे आकडे नव्याने काढावे लागतील.

१२ ते १३ मध्ये तुम्हाला मिमीला ०.३८ व्होल्टच मिळतात, म्हणून सर्किट नॉइजही दीड पटीपेक्षा जास्त वाढवणार. तिथे टॉलरन्स किती आहे ते ड्रॉइंगवर बघूनच पुढे जा. आणि १३ च्या पुढे ओढायचा विचार करू नका. कर्व्ह शिखरावर पोचला की दोन जागांना एकच व्होल्टेज येतं, मग कुठलंही सर्किट जागा ओळखू शकत नाही.

टूलरूमवाला
१३ ला कोअर रॉड बॉडीत कुठे टेकत नाही ना, तेही हाताने फिरवून बघा. वाकलेला रॉड मी पाहिलाय.