अनुभव धागा: एकमेकांचा मान राखायला मुलं शाळेत कशी शिकली? (बडोदा)

धागा सुरू करणाऱ्या निवृत्त शिक्षिका, रावपुरा

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं, मोफत केलं, हे आपण बडोदेकर अभिमानानं सांगतो. त्यामुळे मूल शाळेच्या दारापर्यंत आलं. आत आल्यावर ते कुणाशेजारी बसतं, त्याला हाक कशी मारतात, डबा कुणाबरोबर खातं, हे मात्र रोज वर्गात ठरतं. प्रार्थनेनंतरचे सुविचार मी नोकरीभर ऐकले. मुलं बदललेली पाहिली ती कामाच्या वाटणीतून. म्हणून विचारते, तुमच्या शाळेत नेमकं काय केलं आणि त्यानं काय झालं? शाळेचं नाव नको, तपशील मात्र भरपूर द्या.

मकरपुऱ्याकडच्या शिक्षिका

ताई, माझा तिसरीचा वर्ग. बहुतेक मुलं जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) कामगारांची. कुणाच्या घरी भोजपुरी, कुणाकडे गुजराती, थोडी घरं आपली मराठी. मध्याह्न भोजन वाढायला ठरावीक दांडगी मुलं पुढे व्हायची आणि डाळीतला बटाटा दोस्तांच्या थाळीत जायचा. एक मुलगी भूक नाही म्हणून बाजूला बसू लागली. जवळ घेऊन विचारलं तेव्हा म्हणाली, "मला 'ए बिहारी, थाळी आण' म्हणतात."

मी पाळी लावली. वाढायचं हजेरीपटाच्या क्रमानं, मुलग्यांनी आणि मुलींनीही. वाढताना समोरच्याचं नाव घेऊन "किती हवं?" विचारायचं, नाव ठाऊक नसेल तर आधी तेच विचारायचं. आणि वाढणाऱ्यानं शेवटी जेवायचं. या शेवटच्या नियमानं सगळ्यांत जास्त काम केलं. पातेल्याच्या तळाशी आपलंही जेवण आहे म्हटल्यावर मुलं सगळ्यांना पुरेल असं वाढू लागली. ती मुलगीही पंगतीत आली. तिच्या पाळीच्या दिवशी तिनं वर्गातलं प्रत्येक नाव न अडखळता घेतलं, तेव्हा मला फार भरून आलं.

आमच्याकडे तिथी भोजन होतं, म्हणजे कुणी वाढदिवसाला किंवा पुण्यतिथीला शाळेला जेवण देतं. देणाऱ्यांना आम्ही विनंती करतो, मुलांच्या पंगतीत बसून जेवा. बहुतेक जण आनंदानं बसतात. एक कुटुंब उभ्यानं वाढून, फोटो काढून निघालं. मुलांनी विचारलं, "बेन, ते आपल्याबरोबर का नाही जेवले?" मी म्हटलं, "मलाही आवडलं नाही. तुम्ही मोठे झालात की बसा." मुलांशी खोटं बोलवत नाही.

वाडी भागातले एक पालक

माझी मुलगी खासगी शाळेत आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार (आरटीई) पहिल्या इयत्तेच्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना असतात. तिच्या वर्गात वह्या-पुस्तकं वाटताना त्या मुलांना "आरटीईवाले इकडे" म्हणून वेगळं उभं करत. सहा वर्षांच्या मुलीनं घरी येऊन विचारलं, "आरटीईवाले म्हणजे कोण?" आम्ही काही पालकांनी, फी भरणाऱ्या आणि न भरणाऱ्या, एकत्र सह्या करून पत्र दिलं. आता हजेरी क्रमांकानं वाटप होतं, यादी ऑफिसातच राहते. मोठ्यांनी रांग बदलली की मुलांना वेगळं काही शिकवावं लागत नाही, असं माझं मत झालंय.

दांडिया बाजारातल्या आजी

नातवाच्या वर्गात झाडणाऱ्या बाईंना मुलं 'मासी' म्हणतात. सुट्टी होताना प्रत्येक जण आपल्या बाकाखालचे कागद, पेन्सिलीची साल उचलून मगच दप्तर घेतो. घरीही तो ताट उचलतो. एवढंच सांगायचं होतं.

पाचवीचे वर्गशिक्षक, नगरपालिकेची शाळा

आम्ही पाचवीला दरवर्षी कमाटी बागेतल्या संकल्पभूमीवर नेतो. प्राणिसंग्रहालय नंतर, आधी ही जागा. मुलांना सरळ सांगतो: बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेले डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये इथे नोकरीला आले. जातीमुळे त्यांना कुणी राहायला जागा देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर लोक काठ्या घेऊन आले. मग या बागेत झाडाखाली येऊन बसले आणि हा भेदभाव संपवण्याचा संकल्प केला, म्हणून ही संकल्पभूमी.

मुलं गप्प होतात. यंदा एकानं विचारलं, "महाराजांनी शिकायला पैसे दिले, मग घर का नाही दिलं?" मी उत्तर देण्याची घाई केली नाही. परत आल्यावर वर्गात त्यावर बराच वेळ बोलणं झालं. एक मुलगी म्हणाली, "महाराजांचा हुकूम ऑफिसात चालतो, शेजाऱ्याच्या मनात नाही." तिचे वडील भाड्याचं घर शोधत होते आणि आडनाव ऐकून दारं बंद होत होती, हे मला पालकसभेत कळलं. प्राथमिकच्या मुलांना हे विषय जड होतात म्हणणाऱ्यांनी त्या वर्गात यावं. ज्यांच्यावर बेततं त्यांना पाचवीच्या आधीच सगळं ठाऊक असतं.

समा भागातली एक आई

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं, मुलाच्या वह्या गेल्या. शाळा उघडल्यावर चौथीच्या बाईंनी विषय वाटून दिले. ज्यांच्या वह्या सुक्या राहिल्या त्यांनी एकेक धडा दुसऱ्यासाठी उतरवला. मुलाच्या पर्यावरणाच्या वहीत आजही पाच-सहा हस्ताक्षरं आहेत.

धागा सुरू करणाऱ्या शिक्षिका

मकरपुऱ्याच्या बेन, तुमची पाळीची पद्धत आमच्या शेजारच्या शाळेला सांगायची आहे. पहिली-दुसरीला जमेल का? डाळ गरम असते.

मकरपुऱ्याकडच्या शिक्षिका

डाळ-भात त्यांच्या हाती देऊ नका, ताई. त्यांना थाळ्या मांडणं, पाणी आणि रोटली वाढणं द्या. नाव घेऊन विचारणं आणि शेवटी जेवणं पहिलीपासून ठेवा. वाढणाऱ्यांसाठी चार थाळ्या आधीच झाकून ठेवा, लहानांना उरेल की नाही याची धास्ती वाटते.