मदत हवी आहे: आईच्या खुब्याच्या ऑपरेशनची जखम पाझरून राहिली

नमस्कार मंडळी, आई ६६ वर्षांची, शुगर आहे, गोठ्यात घसरून पडली न् खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला सांधा बदलला, आज १२ वा दिवस. आमचं गाव यवतमाळच्याही पुढे आत आहे, गाडीनं चार तास लागतात आणि तिले सीटवर बसवून नेणं म्हणजे जीव टांगणीला, म्हणून आधी इथं विचारून राहिलो.

टाक्यांच्या जागी मारलेल्या पिना १४ व्या दिवशी काढायच्या आहेत. पट्टी एकदम कोरडी होती, परवापासून खालच्या दोन पिनांपाशी ओलं दिसते. पिवळसर पाणी, वास नाही. काल डाग रुपयाच्या शिक्क्याएवढा होता, आज सकाळी तळहाताएवढा. ताप नाही पण बाजूची कातडी गरम लागते. दुपारी लाइन गेली का कुलर बंद, घामानं पट्टीची कडा सुटते, त्यामुळे हे घामाचं का आतलं तेच समजेना.

मोठी आई म्हणते हळद-खोबरेल लाव. शेजारचे म्हणतात डाळ, वांगं, अंडी बंद करा, जखम चिघळते, त्यापायी आई चार दिवसांपासून नुसत्या भातावर आहे. गावातल्या डॉक्टरनं पाच दिवसांच्या ॲंटिबायोटिक गोळ्या लिहून दिल्या, आणल्या, अजून दिल्या नाहीत. देऊ का?

प्रतिसाद:
भाऊ, गोळ्या सध्या थांबवा, आधी ऑपरेशनवाल्या डॉक्टरले आत्ताच फोन करा, पट्टीचा न् जखमेचा फोटो पाठवा. कोरडी झालेली जखम पुन्हा पाझरली, डाग वाढून राहिला, तर घाम समजून बसू नका. आत धातूचा सांधा आहे, त्याच्यावर जंतू बसले तर नुसत्या गोळ्यांनी निघणं कठीण, आणि जखमेतल्या पाण्याचा नमुना घ्यायच्या आधी ॲंटिबायोटिक गेलं तर तपासणीत जंतू सापडत नाही कधी कधी. हळद, तेल, पावडर काही लावू नका. जखमेभोवती लाली असेल तर तिची कडा पेनानं आखून ठेवा, पसरते का ते समजेल. डाळ-अंडी बंद करणं चूकच, जखम प्रोटीननं भरते, फक्त शुगर मोजत राहा. नेताना सीट मागे पाडा, बुडाखाली उशी, मांड्यांच्या मधात उशी, गुडघा खुब्याच्या वर जाऊ देऊ नका. पोटरी सुजली, दुखली किंवा दम लागला तर रक्ताच्या गाठीची भीती असते, तेव्हा जवळ जो दवाखाना आहे तिथंच आधी न्या.

मूळ धागाकर्ता:
फोन केला भाऊ. फोटो पाहून आजच आणा म्हणाले. सकाळी आखलेली रेघ दुपारी पाहिली, लाली बोटभर बाहेर सरकली आहे. गाडी सांगितली, उशा दोन घरच्या न् एक शेजारच्या काकूची. गोळ्यांचं पाकीट तसंच सोबत घेतलं, त्यांना दाखवतो. पोचलो की लिहितो.