जुळी आहेत, तरी पडतो मुलगाच. असं का?

जुळ्यांची_आई (इंदिरानगर, नाशिक):
साडेतीन वर्षांची जुळी, एक मुलगा एक मुलगी. घर तेच, बाग तीच, पण टाके पडले त्यालाच, वर्षात दोनदा, आधी हनुवटीला आणि परवा भुवईवर, सोफ्यावरून उडी मारली ती थेट टीपॉयच्या कडेवर. तिला खरचटण्यापलीकडे काही नाही. सासूबाई म्हणतात पोराची जात, पडणारच. मला नाही पटत. खरं कारण काय असतं? रोज जीव टांगणीला लागतो हो.

गोदाकाठ:
ताई, मुलग्यांना जास्त लागतं हे जगभर दिसतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या अहवालातही आहे. थोडा भाग स्वभावाचा, मुलगे धोका जास्त पत्करतात. पण आपलाही हात असतो. २००० साली न्यूयॉर्कमध्ये एक अभ्यास झाला, ११ महिन्यांच्या बाळांच्या आयांना विचारलं की तुमचं बाळ किती उतारावरून रांगत खाली येईल, तर मुलींच्या आयांनी कमी अंदाज दिला, मुलग्यांच्या आयांनी जास्त, आणि प्रत्यक्षात मुलं-मुली सारखीच निघाली! कॅनडात मानसशास्त्रज्ञ बार्बरा मोरोन्जिएलो यांनी आईबाप मुलांना खांबावरून घसरायला कसं शिकवतात ते बघितलं, तिथेही मुलींना हाताचा आधार जास्त आणि मुलग्यांना तू तुझं कर.

बालवाडीताई:
मी रोज बघते ते सांगते. मुलगा पडला की "मुंगी मेली बघ" आणि फरशीला दोन फटके. मुलगी पडली की "सांगितलं होतं ना पळू नकोस". म्हणजे तिला कळतं की आपण काय केलं म्हणून लागलं, त्याला कळतं की चूक फरशीची. रडू थांबलं की त्याला शांतपणे विचारा, कशामुळे लागलं? आणि मुलीबाबतही गाफील राहू नका, आगीने भाजून होणाऱ्या मृत्यूंत मुलींचं प्रमाण जास्त आहे, ओट्यापाशी लुडबुडायला तिलाच जास्त मिळतं.

जुळ्यांची_आई:
काल बागेत स्वतःकडेच लक्ष ठेवलं. ती घसरगुंडीच्या दुसऱ्याच पायरीवर होती तर माझं "हळू, कठडा धर, हळू" सुरू. तो समोरून उलटा चढत होता तेव्हा मी मोबाईल काढून व्हिडिओ घेत होते आणि शाब्बास म्हणत होते. खूप वाईट वाटलं. टीपॉय माळ्यावर टाकलाय. रात्री त्याला विचारलं भुवईला कशामुळे लागलं रे, तर म्हणाला टीपॉयमुळे. उद्या परत विचारणार आहे.